दहा किलोमीटरचा पीबी हलत नाही? सातव्या किलोमीटरचा बिघाड असा शोधा

दादर-माटुंग्याकडच्या आमच्या धावण्याच्या गटात शर्यत झाली की लोक घड्याळ काढून माझ्या हातात देतात. माणसं वेगळी, वय वेगळं, टायमिंग कुणाचं पन्नास मिनिटं तर कुणाचं सत्तर, पण तक्रार बहुतेक वेळा एकच: सराव नीट चाललाय आणि शर्यतीत पीबी (पर्सनल बेस्ट, म्हणजे स्वतःची आजवरची सर्वात चांगली वेळ) काही हलत नाही. हा बिघाड मी ज्या क्रमाने शोधतो तोच क्रम खाली दिला आहे. फुकटात आणि पाच मिनिटांत होणारी तपासणी आधी. पैसे, महिने आणि डॉक्टर लागणारी नंतर. क्रम मोडू नका, ही विनंती. पीबी अडकला की माणूस आधी नवे बूट घेतो, नाहीतर आठवड्यात आणखी एक कडक दिवस घालतो. या दोन्ही गोष्टी यादीत बऱ्याच खाली येतात.

लक्षणं

नेहमीचा बिघाड असा दिसतो. पहिले तीन किलोमीटर ठरवलेल्या पेसपेक्षा (पेस म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ) सोपे जातात. पाचव्याला श्वास वाढतो, पण अजून सगळं हातात आहे असं वाटतं. सहा ते आठच्या मध्ये पेस वीस-तीस सेकंदांनी पडतो आणि कितीही रेटलं तरी वर येत नाही. फिनिशची कमान दिसली की मात्र पाय परत पळायला लागतात. सरावात हाच पेस पाच-सहा किलोमीटर टिकलेला असतो. आणि लागोपाठच्या तीन-चार शर्यतींची वेळ मिनिटभराच्या आत-बाहेर तीच.

दुसरा प्रकार: घड्याळ म्हणतं पेस बरोबर होता, चिप टाइम (अंगावरच्या चिपने स्टार्टच्या रेघेपासून फिनिशच्या रेघेपर्यंत मोजलेली वेळ) मात्र अर्धा-पाऊण मिनिट जास्त आला.

तिसरा प्रकार: पहिल्या किलोमीटरपासूनच पाय जड, हार्ट रेट नेहमीपेक्षा दहा-पंधरा ठोके वर, आणि हे एकाच शर्यतीत नाही तर दोन-तीन आठवडे रोजच्या धावण्यातही. असं असेल तर स्प्लिट (प्रत्येक किलोमीटरची वेगळी वेळ) चाळत बसू नका. 'शर्यतीच्या आधीचा आठवडा' यातलं झोपेबद्दलचं आणि 'रक्त' हा भाग आधी वाचा.

चौथा प्रकार: धावताना छातीत दुखणं किंवा दाटणं, डोळ्यांपुढे अंधारी, हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवता येईल असं दुखणं. मधलं सगळं सोडा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

आधी स्प्लिट काढा

घड्याळात प्रत्येक किलोमीटरची वेळ असते. ती कागदावर लिहून काढा. मोबाइलवरचा रंगीत आलेख बघून भागत नाही, आकडे एकाखाली एक दिसले पाहिजेत.

आमच्या गटातल्या एक ताई बँकेत आहेत, राहतात बदलापूरला, रविवारी आमच्याबरोबर धावतात. त्यांना तासाच्या आत यायचं होतं, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं. शर्यत संपल्यावर म्हणाल्या, "दादा, सातव्याला पायातला जीवच गेला." मी म्हटलं, "ताई, सातवा राहू द्या, आधी पहिला बघू." आकडे असे निघाले: ५:३१, ५:३८, ५:४४, ५:५८, ६:०५, ६:१४, ६:३१, ६:३८, ६:३५, ६:१०. एकूण १ तास १ मिनिट ४ सेकंद.

पहिल्या तीन किलोमीटरमध्ये त्यांनी ६७ सेकंद कमावले आणि उरलेल्या सातमध्ये १३१ सेकंद घालवले. शेवटचा किलोमीटर ६:१० आहे, म्हणजे पाय संपलेले नव्हते. त्याच्या आधीची वीस मिनिटं त्या सुरुवातीची किंमत मोजत होत्या.

हे का होतं ते समजून घ्या, नाहीतर पुढच्या शर्यतीत पुन्हा तेच कराल. दहा किलोमीटरच्या पेसला शरीर आपल्या मर्यादेच्या अगदी काठावर चालतं. त्या पेसला स्नायूंमध्ये जे साचतं ते शरीर जेमतेम निस्तरू शकतं. किलोमीटरला वीस-पंचवीस सेकंद वेगात गेलात की साचणं निस्तरण्यापेक्षा जास्त होतं, आणि ते परत खाली यायला चांगलंच हळू व्हावं लागतं. अडचण अशी की पहिल्या दहा मिनिटांत हे जाणवत नाही. आठवडाभर पायांना विश्रांती मिळालेली असते, ढोल वाजत असतात, आजूबाजूचे सगळे पळत असतात. श्वासाला कामाचा अंदाज यायलाही दोन-तीन मिनिटं लागतात. त्या वेळी जो पेस सोपा वाटतो तो फसवा असतो.

मुंबईत त्यात गर्दीची भर. स्टार्टला शेकडो माणसं, त्यात चार-चार जण हातात हात घालून चालणारे. पहिल्या पाचशे मीटरला अडकलात की वाटतं आता भरून काढू. मग माणसांमधून वाट काढत, फुटपाथवर चढत-उतरत दुसरा किलोमीटर जातो. दर वेळी वेग घेऊन परत ब्रेक मारणं हे सरळ वेगात जाण्यापेक्षा कितीतरी महाग पडतं, वर अंतरही वाढतं. गर्दीत गेलेले दहा सेकंद पुढच्या नऊ किलोमीटरमध्ये सेकंद-सेकंदाने भरून निघतात. ते एका किलोमीटरमध्ये भरायचे नाहीत.

उपाय: पहिला किलोमीटर टार्गेटपेक्षा पाच ते आठ सेकंद हळू, दुसरा दोन-तीन सेकंद हळू, तिसऱ्यापासून टार्गेट, आणि सातव्याची पाटी येईपर्यंत कुणी पुढे गेलं तरी जाऊ द्यायचं. सातव्यानंतर जेवढं आहे तेवढं. ताईंनी पुढच्या शर्यतीत सरावात काहीही न बदलता फक्त एवढंच केलं. पहिले पाच २९:५८, दुसरे पाच २९:४०. एकूण ५९:३८.

याचा सराव करावा लागतो, नुसतं ठरवून होत नाही. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीची फेरी साधारण १.२ किलोमीटरची आहे. तिथे चार फेऱ्या अशा मारा की प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा दोन-तीन सेकंदांनीच वेगात व्हावी, आणि फेरी संपेपर्यंत घड्याळाकडे बघायचं नाही. सुरुवातीला पहिली फेरी हमखास दहा सेकंद वेगात जाते. ती आपोआप बरोबर यायला लागली की शर्यतीतला पहिला किलोमीटरही हातात येतो.

माझ्याकडे येणाऱ्या घड्याळांतली निम्म्याहून जास्त इथेच सुटतात. तुमचे स्प्लिट सपाट असतील, म्हणजे पहिल्या पाच आणि दुसऱ्या पाचमध्ये अर्ध्या मिनिटाहून कमी फरक असेल, तरच पुढे वाचा.

घड्याळ आणि रस्ता

प्रमाणित शर्यतीचा मार्ग सायकलला लावलेल्या यंत्राने मोजतात, वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटरवरून, म्हणजे शक्य तितक्या जवळच्या वाटेने. वर मार्ग कमी भरू नये म्हणून हजारास एक एवढं अंतर जास्तीचं धरतात. दहा किलोमीटरला दहा मीटर. आपण मात्र वळणं बाहेरून घेतो, पाण्याच्या टेबलाकडे तिरके जातो, परत तिरके येतो. त्यातून बीकेसीच्या काचेच्या इमारती, फोर्टातल्या चिंचोळ्या गल्ल्या, फ्लायओव्हरची खालची बाजू, अशा ठिकाणी जीपीएस भरकटतं. त्यामुळे फिनिशला घड्याळ १०.१ दाखवतं आणि लोक आयोजकांशी भांडायला जातात.

हिशेब करून बघा. घड्याळावर सहाचा पेस धरून धावलात आणि घड्याळाने १०.१ मोजलं, तर वेळ येते ६०:३६. तासाच्या आत यायचं तर घड्याळावर ५:५६ दिसायला हवं. घड्याळाचा ऑटो लॅप (दर किलोमीटरची वेळ आपोआप नोंदणारी सोय) बंद करा आणि रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाटीला हाताने लॅप दाबा. पाटी एखाद्या वेळी चुकीच्या जागी असते, पण दोन-तीन पाट्यांत कळतं. वळण पुढे दिसलं की आतल्या बाजूची रेघ धरा, फक्त मागून येणाऱ्याच्या पायात जाऊ नका.

वेळ मोजताना चिप टाइम धरा, गन टाइम (स्टार्टचा इशारा झाल्यापासूनची वेळ) नाही. आणि मंडळाने किंवा सोसायटीने भरवलेल्या शर्यतीचं अंतर प्रमाणित नसेल तर तिथला पीबी प्रमाणित शर्यतीतल्या पीबीशी लावू नका. अशा शर्यती मला फार आवडतात, वस्तीतली माणसं त्यामुळेच बाहेर पडतात, पण त्यांचा मार्ग ९.६ असू शकतो आणि १०.४ पण. ९.६ वर लागलेला 'पीबी' नंतर खऱ्या दहावर कधीच मोडत नाही, आणि माणूस वर्षभर स्वतःला दोष देत बसतो.

शर्यतीची सकाळ

सहाची शर्यत, पहिल्या लोकलने येणं, बॅग जमा करणं, टॉयलेटची रांग, आणि मग होल्डिंग एरियात अर्धा तास उभं राहणं. स्टार्ट होतो तेव्हा अंग पूर्ण थंड. थंड अंगाने टार्गेट पेस पकडला की पहिली दोन मिनिटं शरीर उधारीवर पळतं. म्हणून होल्डिंग एरियात शिरण्याआधी दहा मिनिटं हळू जॉगिंग, मग पाय मोकळे करणारे झोके, मग वीस-वीस सेकंदांच्या चार वेगवान धावा. आत शिरल्यावरही जागच्या जागी पाय हलवत राहा. पाच किलोमीटरची शर्यत असेल तर वॉर्म-अप आणखी लांब हवा, कमी नाही. शर्यत जितकी छोटी तितका थंड अंगाचा फटका मोठा.

खाण्याबाबत लोक उगाच फार करतात. तासाभराच्या शर्यतीला शरीरातला साठा पुरतो. आदल्या रात्री नेहमीचं वरण-भात-भाजी, जरा लवकर. सकाळी निघताना एक केळं किंवा ब्रेड-जॅमच्या दोन स्लाइस, ग्लास-दीड ग्लास पाणी. चहा-कॉफीची सवय असेल तर घ्या, नसेल तर त्या दिवशी सुरू करू नका. दहा किलोमीटरला एनर्जी जेल लागत नाही. पाण्याच्या टेबलावर दोन घोट पुरतात, बाकीचं डोक्यावर ओता.

वेदनाशामक गोळी खाऊन स्टार्टला उभं राहू नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या आणि घामाने कोरडं पडलेलं शरीर हे एकत्र आलं की मूत्रपिंडावर ताण येतो. शिवाय दुखणं दबतं, ते जात नाही.

हवा

हवामानाच्या ॲपमध्ये तापमानाच्या खाली दवबिंदू (हवेत किती ओल आहे ते सांगणारा आकडा) लिहिलेला असतो. मुंबईत तापमानापेक्षा तो महत्त्वाचा. घाम आल्याने अंग थंड होत नाही, घाम उडून गेल्याने होतं. हवेत आधीच ओल असेल तर घाम नुसता गळतो, मग शरीर कातडीकडे जास्त रक्त पाठवतं, स्नायूंना तेवढं कमी मिळतं आणि त्याच पेसला हार्ट रेट वर जातो. पावसाळ्यात इथला दवबिंदू २४-२५ च्या आसपास असतो. जानेवारी-फेब्रुवारीच्या चांगल्या पहाटे तो २० च्या बराच खाली येतो. हा फरक पायांना कळतो.

म्हणून जून ते ऑक्टोबरच्या शर्यतीत पीबीची अपेक्षा ठेवू नका. आम्ही गटात दवबिंदू २३ च्या वर असला की सहाच्या पेसला दहा ते वीस सेकंद वाढवूनच टार्गेट ठरवतो. तुमच्या तीन अडकलेल्या शर्यतींपैकी दोन पावसाळ्यातल्या असतील तर बिघाड तुमच्यात नाही, कॅलेंडरमध्ये आहे. पीबीसाठी डिसेंबर ते फेब्रुवारीमधली एक सपाट मार्गाची शर्यत निवडा आणि बाकीच्या शर्यती सराव म्हणून धावा. मरीन ड्राइव्ह सपाट आहे, पेडर रोड चढाचा आहे.

थंडीतली एक अडचण म्हणजे धूर आणि धूळ. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' ॲप आदल्या दिवशी बघा. हवा वाईट असताना घशात खवखव आणि धावून थांबल्यावर खोकला किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल तर तो फिटनेसचा प्रश्न नाही, दम्याची तपासणी करून घ्या.

शर्यतीच्या आधीचा आठवडा

इथे मुंबईची नोकरी आडवी येते. विरार किंवा डोंबिवलीहून रोज उभ्याने प्रवास, रात्री अकराला जेवण, साडेचारला उठून सराव. पाच तासांच्या झोपेवर सराव होतो, पण सरावाचा फायदा झोपेत होतो, तो होत नाही. शर्यतीच्या आदल्या रात्री झोप नीट लागत नाही हे गृहीत धरा. गुरुवार आणि शुक्रवारची रात्र सांभाळा.

शनिवारी तीन गोष्टी टाळण्यासारख्या आहेत. बिब (छातीवर लावायचा शर्यतीचा नंबर) आणायला गेलात की तिथे दोन तास स्टॉल बघत फिरू नका, बिब घ्या आणि घरी या. शनिवारी संकष्टी किंवा एकादशी येत असेल तर आधीच बघून ठेवा. उपवास करायचाच असेल तर करा, त्यात माझं काही म्हणणं नाही, पण मग त्या रविवारी पीबीची आस ठेवू नका. दुसरी शर्यत पकडा. आणि "बघूया पाय कसे आहेत" म्हणून शनिवारी वेगात पाच किलोमीटर मारू नका. वीस-पंचवीस मिनिटं हळू, शेवटी दोन-तीन छोट्या धावा, पुरे. शेवटच्या आठवड्यात एकूण अंतर निम्म्यावर आणा. त्या आठवड्यात केलेल्या मेहनतीचा शर्यतीला उपयोग होत नाही, थकवा मात्र बरोबर येतो.

बूट

५०० ते ८०० किलोमीटर झाले असतील, तळ एका बाजूने झिजला असेल तर बदला. पावसात भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवा, उन्हात नको. नवे बूट शर्यतीआधी दोन-तीन आठवडे वापरलेले हवेत. महागड्या बुटाने थोडा फरक पडतो, पण वर सांगितलेल्या सुरुवातीच्या चुकीपेक्षा तो लहान असतो.

सराव

इथवर सगळं ठीक असेल तर सरावाकडे वळायचं. मला दिसणारा बिघाड बहुतेकदा कमी मेहनतीचा नसतो. रोज मध्यम जोराने धावायचं, हा तो बिघाड. ग्रुपमध्ये सगळे एकमेकांना खेचतात, त्यामुळे हळू धावायचा दिवस कधी हळू होतच नाही, आणि कडक दिवशी पाय आधीच दमलेले असतात.

तपासणी सोपी आहे. हळू धावायच्या दिवशी शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोला. भाजीच्या भावापासून काहीही. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर पेस जास्त आहे. दहा किलोमीटर तासात करणाऱ्याचा हळू पेस सात ते साडेसात मिनिटं असतो. लोकांना हे अपमानास्पद वाटतं. कट्ट्यावरचे आजोबा चालत पुढे जातील असं वाटतं. तरीही हळूच धावा, कारण दहा किलोमीटरच्या शर्यतीतली नव्वद टक्क्यांहून जास्त ऊर्जा प्राणवायू वापरून तयार होते, आणि ती यंत्रणा अशाच लांब, सोप्या धावण्याने वाढते. आठवड्यातल्या धावण्यापैकी साधारण चार हिस्से सोपे आणि एक हिस्सा कडक, हे प्रमाण ठेवा.

मग कडक दिवस. आठवड्याला एकच, पण नेमका. एका आठवड्यात दहा-दहा मिनिटांच्या तीन धावा, दहाच्या पेसपेक्षा दहा-पंधरा सेकंद हळू, मध्ये दोन मिनिटं जॉग. दुसऱ्या आठवड्यात एक-एक किलोमीटरच्या पाच धावा, बरोबर दहाच्या टार्गेट पेसला, मध्ये दोन मिनिटं. बरोबर म्हणजे बरोबर. शेवटचा किलोमीटर पहिल्यापेक्षा पाच सेकंदांनी जास्त हळू झाला तर टार्गेट चुकलं आहे, जिद्द कमी पडलेली नाही. प्रियदर्शिनी पार्कच्या सिंथेटिक ट्रॅकवर हे करता आलं तर उत्तम. अडीच फेऱ्यांचा किलोमीटर, जीपीएसची कटकट नाही. नाहीतर पहाटेचा मरीन ड्राइव्हचा फुटपाथ.

रविवारी तेरा ते पंधरा किलोमीटर सोप्या पेसला. दहाची शर्यत आहे म्हणून दहापर्यंतच धावायचं असं करणाऱ्यांना सातव्यानंतर त्रास होतोच, कारण थकलेल्या पायांवर चालायची सवय नसते. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीच्या रस्त्याला चांगला चढ आहे, महिन्यातून एकदा तिकडे जा. पोटऱ्यांसाठी जिन्याच्या पायरीवर एका पायाने टाच वर-खाली, दोन्ही पायांना पंधरा-पंधरा, आठवड्यातून तीनदा. सातव्यानंतर पाऊल जड पडतं ते बऱ्याचदा पोटरी दमल्यामुळे.

या बदलाला सहा ते आठ आठवडे द्या. दोन आठवड्यांत काही दिसत नाही म्हणून योजना बदलणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, थांबा.

रक्त

सराव बरोबर, झोप बरोबर, हवा बरोबर, आणि तरीही महिनाभर पाय जड, जिना चढताना धाप, त्याच हळू पेसला हार्ट रेट वर. आता पैसे खर्च करा. फॅमिली डॉक्टरांना सांगून हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासा.

हे का, तर प्राणवायू वाहून नेतं ते हिमोग्लोबिन. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाने पुरुषांत १३ आणि स्त्रियांत १२ च्या खाली ते रक्तक्षय समजतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे तुमच्या धावण्याच्या गटातल्या कुठल्याही बाईच्या टायमिंगवर बोलण्याआधी हा प्रश्न आहे. पाळीत जास्त रक्तस्राव होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, लाजू नका. फेरिटिन वेगळं तपासायचं कारण म्हणजे हिमोग्लोबिन अजून ठीक असतानाही लोहाचा साठा रिकामा झालेला असू शकतो. शाकाहारी मंडळींनी बी-१२ कडे विशेष बघा.

लोहाच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका. लोह जास्त झालं तर तेही अपाय करतं, आणि कमी का झालं ते शोधायचं राहून जातं. साठा भरायला महिने लागतात, तोवर टार्गेट बाजूला ठेवा आणि सोपं धावा.

इथे थांबा आणि दाखवा

पुढच्या गोष्टींवर माझ्याकडे किंवा कुठल्याही धावणाऱ्या मित्राकडे उपाय नाही.

धावताना छातीत दुखणं, दाटणं, दुखणं जबड्यात किंवा डाव्या हातात जाणं, चक्कर, शुद्ध हरपणं, छातीत अनियमित धडधड: त्याच जागी थांबा, मेडिकल तंबू किंवा १०८ ला फोन. शर्यत नंतरही मिळते. थोड्या वेळाने बरं वाटलं तरी त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं असेल, किंवा तुम्हाला मधुमेह, रक्तदाब असेल, तर कडक सराव सुरू करण्याआधीच ईसीजी आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या पुढच्या तपासण्या करून घ्या.

सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जाऊन वाकडातिकडा धावायला लागला, तर त्याला पुढे ढकलू नका. तो उष्माघात असू शकतो. सावलीत घ्या, कपडे सैल करा, मिळेल तेवढं थंड पाणी आणि बर्फ अंगावर, काख आणि मानेवर, आणि लगेच मदत बोलवा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

नडगीवर किंवा पावलाच्या हाडावर एकाच बिंदूला दुखतंय, रात्री झोपेतही दुखतंय, त्या पायावर लंगडी घालता येत नाही: हाडाला बारीक तडा असू शकतो. स्प्रे मारून धावलात तर पूर्ण मोडतो. हाडांच्या किंवा स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांकडे जा. सुरुवातीला एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आहे म्हणून लगेच धावायला लागू नका. स्नायूचं दुखणं दोन आठवडे सोपं धावूनही जात नसेल तर फिजिओ.

आणि ताप. मुंबईत ऑगस्ट ते ऑक्टोबर डेंगी, मलेरियाचे दिवस, आणि तेच जानेवारीच्या शर्यतींच्या तयारीचेही. ताप असताना धावायचं नाही, हळूसुद्धा नाही. काही विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि त्या वेळी जोर दिला तर जिवावर बेतू शकतं. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून गेला असाल तर ताप येण्याची वाट न बघता डॉक्टरांना तसं सांगा, लेप्टोवरचं (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा आजार) औषध वेळेवर सुरू करता येतं. डेंगीनंतर डॉक्टरांनी हो म्हटल्यावर पहिला आठवडा फक्त चालायचं, दुसऱ्या आठवड्यात चालणं-धावणं आलटून-पालटून, आणि सकाळी उठल्याबरोबर मोजलेली नाडी आजाराआधीच्या आकड्यावर परत येईपर्यंत कडक दिवस नाही. जानेवारीची शर्यत त्यात हुकली तर फेब्रुवारीत दुसरी असते.